किती किलोवॅट, हा प्रश्न सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४० घरांची वस्ती, एक शाळा, एक दवाखाना, पाण्याचे दोन पंप, एक पिठाची गिरणी. मुख्य ग्रिड अजून पोचलेली नाही, पण येणार अशी कुजबुज आहे. सौर, जमल्यास वारा, सोबत बॅटरी असं वस्तीचं स्वतःचं विजेचं जाळं उभं करायचं आहे. पॅनेल किती किलोवॅटचे लागतील, बॅटरी केवढी, सगळं एका जागी बसवावं की छताछतांवर, आणि उद्या ग्रिड आलीच तर हा खर्च पाण्यात जाईल का?

आकडे देतो, पण क्रम उलटा करून. बहुतेक ठिकाणी नियोजन पॅनेलपासून सुरू होतं, कारण कोटेशन पटकन मिळतं ते पॅनेलचं. उरलेल्या पैशांत बॅटरी बसते, त्यातून उरलेल्यात तारा, आणि नियम ठरतात पहिलं भांडण झाल्यावर. मी आधी नियम ठरवतो, मग तारा, मग बॅटरी आणि शेवटी पॅनेल. नंतर बदलायला जे जास्त अवघड ते आधी पक्कं करायचं, एवढाच त्यामागचा हिशोब. पॅनेल कुठल्याही महिन्यात वाढवता येतात. बॅटरीही वाढवता येते, पण जुनी-नवी एकत्र जोडताना अटी येतात. तारा बदलायच्या म्हणजे सगळी लाइन पुन्हा ओढायची. आणि वर्षभर दोन किलोवॅटची शेगडी चालवायची सवय लागलेल्या घराला ‘उद्यापासून पाचशे वॅटच’ असं सांगणं कोणाच्याही बापाला जमत नाही.

तर पहिला नियम: एका घराने एका वेळी जास्तीत जास्त किती वॅट ओढायचे?

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. दिवसभरात किती युनिट लागतात हा एक प्रश्न, आणि एकाच क्षणी किती वॅट लागतात हा दुसरा. युनिटांवरून पॅनेल आणि बॅटरी ठरते. वॅटांवरून इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) आणि तारा ठरतात. वस्तीच्या जाळ्यात अंधार होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने. बॅटरी अर्धी भरलेली असते, पण संध्याकाळी साडेसातला चाळीस घरांत चाळीस इंडक्शन शेगड्या लागतात, ऐंशी किलोवॅटची मागणी येते आणि पन्नासचा इन्व्हर्टर बंद पडतो. वीज आहे, पण पोचवता येत नाही.

या बाबतीत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग बेटाचा दाखला मला सगळ्यात उपयोगी वाटतो. बेटावर माणसं शंभराच्या आसपास. मुख्य भूमीशी जोडणारी केबल नाही. घरोघरी डिझेल जनरेटर धडधडायचे. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी जलविद्युत, चार छोट्या पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि बॅटरी असं स्वतःचं जाळं सुरू केलं. यंत्रसामग्रीइतकाच महत्त्वाचा होता त्यांचा एक निर्णय: घर लहान असो की मोठं, मर्यादा ५ किलोवॅट; व्यवसाय असेल तर १०. मर्यादा ओलांडली की त्या घराचा पुरवठा ट्रिप होतो, बेटाचा नाही. आणि पाऊस-वारा भरपूर असताना बॅटरी भरून वीज उरली, तर ती सार्वजनिक इमारती गरम ठेवायला वापरतात. तुमची मर्यादा ५ किलोवॅट असणार नाही, खूपच कमी असेल. त्यांच्याकडे रात्रंदिवस वाहणारं पाणी आहे, थंडीही आहे. पण ‘आधी मर्यादा, मग यंत्रं’ हा क्रम जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे.

ही मर्यादा बैठकीत कशी ठरवावी, तेही सांगतो. आकडे सांगून लोकांना काही कळत नाही. मी एका फळीवर पाचशे वॅटची मर्यादा लावलेला मीटर बसवून नेतो. त्याला ९ वॅटचे पाच बल्ब, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा, छोटा टीव्ही, दोन मोबाइल चार्जर लावतो. सगळं चालतं आणि मीटरवर दीडशेच्या आतबाहेर आकडा दिसतो. मग जुना साधा पंखा लावतो, तो एकटाच सत्तर-पंचाहत्तर खातो. लोक तिथेच बीएलडीसीबद्दल विचारायला लागतात. मग इस्त्री लावतो. खट्. सगळं बंद. इस्त्री काढून पुन्हा चालू करतो. सगळ्यांची नजर मीटरवर असते आणि पुढची चर्चा आपोआप मुद्द्याला धरून होते: इस्त्री हवीच असेल तर कुणाकडे, किती वाजता, जादा मर्यादेचे जादा पैसे घ्यायचे का. मर्यादा किती हे शेवटी वस्तीने ठरवायचं, मी फक्त प्रत्येक पर्यायाचा परिणाम दाखवतो. पाचशे वॅट घेतले तर काय, हजार घेतले तर इन्व्हर्टर आणि तारा किती वाढतील, हे कागदावर समोर ठेवतो.

मर्यादेनंतरचा दुसरा नियम तुटवड्याचा. चार दिवस ढग राहिले तर आधी कोणाची वीज कापायची? हे उन्हाळ्यात, बॅटरी भरलेली असताना ठरवून लिहून ठेवा. साधारण असा क्रम बसतो: बॅटरी ४० टक्क्यांवर आली की गिरणी बंद, ३० वर आली की घरांची मर्यादा निम्मी, २० ला रस्त्यावरचे दिवे एकाआड एक. दवाखान्याचा लसींचा फ्रिज शेवटपर्यंत चालू. आकडे तुमच्या बॅटरीप्रमाणे बदलतील. मात्र हे कंट्रोलरमध्ये घालायला हवं. ऑपरेटरच्या मर्जीवर सोडलं, तर ऑपरेटर हा गावातला सगळ्यात नावडता माणूस होतो आणि सहा महिन्यांत काम सोडतो.

आता मागणीचा अंदाज. ‘तुम्हाला किती वीज लागेल?’ असं विचारत घरोघरी फिरू नका. ज्याने महिनाभर वीज वापरलेली नाही त्याला ते सांगता येत नाही, आणि सर्व्हेवाला आला की माणूस यादी वाढवूनच सांगतो. त्याऐवजी सध्या दिव्याच्या तेलावर, बॅटरी-सेलवर, मोबाइल चार्जिंगवर, डिझेलवर महिन्याला किती खर्च होतो ते विचारा. तो आकडा लोकांना तोंडपाठ असतो, आणि ते किती बिल भरू शकतील याचाही तोच सगळ्यात भरवशाचा अंदाज. शिवाय जवळपास तुमच्यासारखीच, पण वीज असलेली एखादी वस्ती सापडली, तर तिथल्या डझनभर वेगवेगळ्या ऐपतीच्या घरांत नोंद ठेवणारे मीटर काही आठवडे लावा. एवढं केलंत तर नुसत्या प्रश्नावलीच्या गठ्ठ्यापेक्षा कितीतरी जास्त कळेल.

तुम्ही दिलेल्या माहितीवर एक कच्चा हिशोब मांडतो. पद्धत बघा, आकडे तुमचे घाला.

एका घरात पाच एलईडी पाच तास, दोन बीएलडीसी पंखे दहा तास, टीव्ही चार तास, चार्जर: दिवसाला एक युनिटाच्या थोडं वर. निम्म्या घरांत लहान फ्रिज आला असं धरलं तर सरासरी दीड युनिट. १४० घरांचे २१० युनिट. शाळा ८, दवाखाना १२, रस्त्यावरचे दिवे ९. पाच अश्वशक्तीचे दोन पंप रोज चार तास म्हणजे ३५. गिरणी साडेसात किलोवॅट, चार तास: ३०. एकूण ३०० च्या जरा वर.

पण या तीनशेतले सूर्य मावळल्यानंतरचे किती, हा खरा कळीचा प्रश्न. पंप, गिरणी आणि शाळा मिळून ७३ युनिट दिवसा वापरता येतात. घरांच्या वापरातले सुमारे ६० टक्के रात्री धरा: १२६. त्यात दिवे ९ आणि दवाखान्याचे निम्मे ६. म्हणजे रात्रीचे १४१ युनिट. एवढे युनिट बॅटरीतून बाहेर काढताना इन्व्हर्टरमध्ये पाचेक टक्के जातात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत वापरायची, आणि आयुष्याच्या शेवटी तिची क्षमता ८० टक्के उरते असं धरायचं. गणित केलं की सुमारे २०० युनिट क्षमतेची बॅटरी येते. ही झाली एका रात्रीपुरती; सलग ढगाळ दिवसांसाठी यात काही नाही.

आता हेच दोन पंप रात्री चालवले तर? त्या ३५ युनिटांसाठी याच हिशोबाने बॅटरी पन्नासेक युनिटांनी वाढते. त्याऐवजी उंचावर पाण्याची मोठी टाकी बांधा आणि दुपारी भरून घ्या. टाकीचं पाणी ही साठवलेली वीजच आहे, आणि टाकी दहा वर्षांनी बदलावी लागत नाही. गिरणीचंही तेच. दुपारचा दर कमी आणि संध्याकाळचा जास्त ठेवलात तर गिरणीवाला स्वतःच वेळ बदलतो, त्याला सांगायला जावं लागत नाही.

पॅनेलसाठी वर्षाची सरासरी घेऊ नका, सगळ्यात वाईट महिना घ्या. समजा त्या महिन्यात तुमच्याकडे दिवसाला साडेचार तासांइतकं पूर्ण ऊन मिळतं. धूळ, उष्णता, तारा, इन्व्हर्टर यांचे लहानमोठे तोटे धरून त्यातलं पाऊणच हाती लागतं. म्हणजे एक किलोवॅट पॅनेलमागे रोज सुमारे ३.४ युनिट. तीनशे चारमध्ये लाइनमधली आणि बॅटरीतली गळती मिळवली की ३३४, आणि भागाकार केला की साधारण १०० किलोवॅट. पण तुमचा वाईट महिना तीनच तास उन्हाचा असेल, तर हाच आकडा १५० वर जातो. ‘किती किलोवॅट?’ याला कोणी एका वाक्यात उत्तर दिलं तर हा दीडपट फरक कुठे गेला, ते विचारा. त्या एका महिन्यासाठी ५० किलोवॅट जास्त लावायचे, की तेवढ्यापुरता छोटा जनरेटर ठेवायचा, की त्या महिन्यात सगळ्यांनी कमी वापरायचं, हे तिन्ही पर्याय योग्य असू शकतात. पॅनेल हल्ली स्वस्त झाल्यामुळे माझा कल पॅनेल वाढवण्याकडे असतो. बॅटरी वाढवून ढगाळ आठवडा काढायचा विचार मात्र सोडून द्या. वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी बारा महिने पडून राहणारी ती सगळ्यात महागडी वस्तू ठरते.

सौर सोडून इतर स्रोतांबद्दल थोडक्यात. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते आणि निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरते. त्यामुळे पवनचक्कीच्या उंचीवर वर्षभर मोजमाप केल्याशिवाय वाऱ्यावर पैसे लावू नका. ‘इथे खूप वारा असतो’ हे प्रत्येक गाव म्हणतं. पण वर्षभर वाहणारा ओढा असेल तर मला आधी तो दाखवा. सेकंदाला २० लिटर पाणी आणि ३० मीटरचा उतार मिळाला, यंत्रांची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तरी साडेतीन किलोवॅट मिळतात. ऐकायला किरकोळ. पण ते चोवीस तास मिळतात, म्हणजे दिवसाला ८५ युनिट. तेवढे युनिट सौरमधून काढायला २५ किलोवॅटचे पॅनेल लागतील आणि रात्रीसाठी बॅटरी वेगळी. उन्हाळ्यात ओढा आटत असेल तर हे गणित अर्थातच फिरतं.

आता तारा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त काटकसर इथे होते आणि ती सगळ्यात महाग पडते.

समजा वस्तीच्या टोकाला ६०० मीटरवर २० किलोवॅटचा लोड आहे आणि ५० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार आहे. तीन फेजवर, ४०० व्होल्टने नेलं तर प्रत्येक तारेत २९ अँपिअर जातात आणि व्होल्टेज अकरा-साडेअकराने पडतं. २३० मधले ११ गेले, पाचेक टक्के. चालतं. तोच लोड पैसे वाचवायला एका फेजवर २३० व्होल्टने नेला तर करंट ८७ अँपिअर होतो, जायची आणि यायची अशा दोन्ही तारांत व्होल्टेज पडतं, आणि एकूण घट ६७ व्होल्टची होते. टोकाच्या घरात १६३ व्होल्ट. पंप गुरगुरतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो आणि लोक म्हणतात सौरची वीज कमजोर असते. विजेचा काही दोष नाही. त्यामुळे लाइन तीन फेज, उघड्या तारांऐवजी इन्सुलेशन असलेली बंच्ड केबल, आणि घरं तिन्ही फेजवर सारखी वाटलेली. वाटणी नकाशावर करा, खांबावर चढलेल्या वायरमनच्या सोयीने होऊ देऊ नका. तारांची जाडी पंधरा वर्षांनंतरची मागणी डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. पॅनेल दोन-तीन वर्षांपुरतेच लावलेत तरी चालेल.

याच्याच जोडीला संरक्षण. मुख्य ग्रिडवर काम केलेले चांगले इंजिनिअरसुद्धा इथे फसतात, कारण त्यांच्या अंगवळणी पडलेली एक गोष्ट इथे खोटी ठरते. मोठ्या ग्रिडवर शॉर्ट सर्किट झालं की हजारो अँपिअर धावतात, फ्यूज उडतो, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, बिघाड तिथल्या तिथे तुटतो. इन्व्हर्टर तसं करत नाही. स्वतःचे ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी तो आपल्या क्षमतेच्या दीड-दोन पटीवर करंट जाऊच देत नाही. तीन फेजच्या ५० केव्हीए (ढोबळमानाने किलोवॅटच समजा) इन्व्हर्टरचा पूर्ण करंट ७२ अँपिअर. दीडपट म्हणजे १०८. फीडरवर (वस्तीच्या एका भागाकडे जाणाऱ्या लाइनवर) ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी असेल, तर झटक्यात पडायला त्याला १६० ते ३२० अँपिअर लागतात. तेवढे येतच नाहीत. मग होतं काय? शॉर्ट झालेल्या खांबावर एमसीबी जागचा हलत नाही, व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो आणि सगळी वस्ती अंधारात. ऑपरेटर पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद. मग तो टॉर्च घेऊन एकेक फीडर सोडवत, एकेक खांब बघत निघतो. मी अशी रात्र जवळून पाहिली आहे. बिघाड निघाला तो एका घराच्या सर्व्हिस वायरमध्ये, जिथे फांदी घासून इन्सुलेशन गेलं होतं. उपाय अवघड नाही: फीडर लहान-लहान ठेवा, घरांकडे जाणारे एमसीबी कमी अँपिअरचे आणि बी प्रकारचे घ्या (ते तीन ते पाच पटीत पडतात), गळतीचा करंट ओळखणारे आरसीसीबी लावा, आणि इन्व्हर्टर घेताना ‘शॉर्ट सर्किटला किती करंट, किती सेकंद देतो’ हे लेखी मागा. न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी एकाच जागी असू द्या, नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहतात आणि कोणीतरी वैतागून ते बायपास करतो.

गिरणीची मोटर हा याच गोष्टीचा दुसरा चेहरा. थेट चालू केली तर मोटर सुरुवातीला सहा-सात पट करंट मागते. ग्रिडला ते जाणवतही नाही, तुमच्या इन्व्हर्टरला धक्का बसतो. गिरणीला आणि पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं यंत्र) लावा, म्हणजे मोटर हळूहळू वेग घेते. गिरणीसाठी दुप्पट इन्व्हर्टर घ्यायला निघालेल्यांना मी एवढ्या एका यंत्रावर थांबवलेलं आहे.

इथपर्यंतचं एकत्र ठेवू. पाचशे वॅटची मर्यादा असेल तर १४० घरांचे कागदावर ७० किलोवॅट होतात, पण सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण मर्यादा वापरत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत निम्मे धरले तर ३५, दवाखाना आणि दिवे धरून ३८. तेव्हा बॅटरीला जोडलेला, स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी तयार करणारा इन्व्हर्टर ५० ते ६० केव्हीएचा. एकच मोठा घेऊ नका, दोन-तीन समांतर घ्या. एक बिघडला तर वस्ती अर्ध्यावर चालते. त्यासोबत २०० युनिटांची बॅटरी आणि उन्हाप्रमाणे १०० ते १५० किलोवॅटचे पॅनेल. मर्यादा हजार वॅट ठरली तर यातला इन्व्हर्टर आणि तारा दोन्ही बदलतील.

एका जागी की छताछतांवर? यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे. विखुरलेल्या मांडणीचं टोकाचं उदाहरण म्हणजे बांगलादेश. तिथे ‘इडकॉल’ या सरकारी वित्तसंस्थेच्या कार्यक्रमातून ४० लाखांहून जास्त घरांना छोटे स्वतंत्र सौर संच मिळाले, आणि नंतर काही ठिकाणी शेजारच्या घरांचे संच डीसी तारांनी जोडून एकाची उरलेली वीज दुसऱ्याला विकण्याचे प्रयोग झाले. जिथे संच आधीच घरोघरी आहेत तिथे हे फार शहाणपणाचं. पण कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्या, गिरणी आणि पंप असलेल्या वस्तीसाठी मी मुख्य निर्मिती आणि बॅटरी एका जागी ठेवतो. कारण साफसफाई आणि देखभाल. शिवाय पॅनेल कोणाच्या छतावर, मग छत कोणाचं, त्याने घर विकलं तर पॅनेल कोणाचे, असली भांडणं टळतात. त्याला अपवाद दोन. शाळेचं छत मोठं आहे आणि तिचा वापर दिवसाच आहे, तिथे पॅनेल जरूर लावा. आणि दवाखान्याला स्वतःचे पॅनेल, स्वतःची छोटी बॅटरी द्या, म्हणजे जाळं पूर्ण बंद पडलं तरी लसींचा फ्रिज चालू राहील.

छतांवरचे इन्व्हर्टर जाळ्याला जोडताना एक गोष्ट बघून घ्या. दुपारी बॅटरी भरली आणि मागणी कमी असली, की ही वीज जाणार कुठे? चांगल्या व्यवस्थेत मुख्य इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर हळूहळू चढवतो आणि ती पाहून बाकीचे इन्व्हर्टर आपापली निर्मिती कमी करतात. त्यांच्यात वेगळी संदेशाची तार लागत नाही. पण सगळ्या इन्व्हर्टरना ही भाषा कळायला हवी. स्वस्तात मिळाला म्हणून आणलेल्या इन्व्हर्टरला ती कळत नसेल, तर तो नुसता पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा पडतो.

आता मुख्य ग्रिड आली तर. ही भीती खरी आहे. बिहारमधल्या धरनाई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटची सौर मायक्रोग्रिड (म्हणजे असंच गावापुरतं विजेचं जाळं) मोठ्या गाजावाजात सुरू झाली. पाठोपाठ मुख्य ग्रिडची स्वस्त वीज गावात पोचली, बॅटऱ्या काही वर्षांत संपल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत आणि प्रकल्प बंद पडला. यातून ‘मायक्रोग्रिड करू नका’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. ग्रिड येणार हे गृहीत धरून आराखडा केला, तर ग्रिड हा तुमचा आणखी एक स्रोत होतो. त्यासाठी तीन कामं आजच करावी लागतात. तारा, खांब, मीटर, अर्थिंग हे सगळं तुमच्या वितरण कंपनीच्या मानकांप्रमाणे ठेवा, म्हणजे उद्या तेच जाळं जोडता किंवा विकता येईल. इन्व्हर्टर असा घ्या की जो एकटाही चालतो आणि ग्रिडसोबतही, आणि ग्रिड गेली की ठरलेल्या वेळेत तिच्यापासून अलग होतो. विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेच्या १५४७ या मानकात (मूळ २००३, सुधारित २०१८) नकळत ‘बेट’ तयार झालं, म्हणजे ग्रिड गेल्यावरही तिच्या लाइनचा एखादा तुकडा तुमच्या विजेवर चालू राहिला, तर ते दोन सेकंदांच्या आत तुटलं पाहिजे असं आहे. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यावर अवलंबून असतो. पुन्हा जोडताना व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळवणारा स्विचही लागेल, त्याची जागा मुख्य स्विचबोर्डावर आत्ताच मोकळी ठेवा. तिसरं काम कागदाचं: ग्रिड आल्यावर मालमत्तेचं काय, जादा वीज ती घेणार का, कोणत्या दराने. याचे नियम प्रत्येक देशात, कधी कधी प्रत्येक राज्यात वेगळे असतात. परवानगी घेतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि पैसे. पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी असते म्हणून सगळा प्रकल्पच पंचवीस वर्षांचा समजू नका. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षं, बॅटरी चांगली जपली तर दहा. पहिला खर्च अनुदानातून निघतो, त्याचा सोहळा होतो. दुसऱ्या बॅटरीसाठी कोणी अनुदान देत नाही. त्यामुळे दर ठरवताना बॅटरीचा घसारा वेगळा काढा. तुमची बॅटरी रात्रीला १४० युनिट देते. दहा वर्षांत सुमारे पाच लाख युनिट झाले. बॅटरीच्या आजच्या किमतीला पाच लाखांनी भागा; जो आकडा येईल तेवढे पैसे रात्रीच्या प्रत्येक युनिटमागे वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. ते खातं पंपाच्या दुरुस्तीसाठी किंवा सभागृहाच्या रंगासाठी उघडायचं नाही, असं ठरावात लिहून घ्या. बिल न भरणाऱ्याचं काय, हेही तिथेच लिहा. प्रीपेड मीटर असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण वीज तोडायला कोणाला कोणाच्या दारात जावं लागत नाही. वस्तीतल्या वजनदार माणसाच्या दारात तर नाहीच.

मालकी वस्तीची असावी का, असंही तुम्ही जाता जाता विचारलं आहे. डेन्मार्कच्या साम्सो बेटावर २००० पर्यंत जमिनीवर एक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि २००३ मध्ये समुद्रात आणखी १०. त्यात शेतकऱ्यांचे आणि सामान्य रहिवाशांचे पैसे होते, म्हणून विरोध फारसा टिकला नाही. मालकी वस्तीची ठेवाच. पण चालवणं पगारी माणसाकडे द्या, आणि एक नव्हे, दोन माणसं तयार करा. एकच असला तर त्याच्या घरी लग्न निघालं की नेमका त्याच आठवड्यात इन्व्हर्टर बिघडतो.

यापुढे जाऊन नेमकं सांगायचं तर मला तुमच्याकडून चार गोष्टी लागतील: सगळ्यात ढगाळ महिन्यात रोज सरासरी किती तास ऊन मिळतं, प्लांटची जागा ते सगळ्यात लांबचं घर यांतलं अंतर, गिरणीच्या मोटरच्या पाटीचा फोटो, आणि ग्रिड येण्याबद्दल जे ऐकलंय ते कुठल्या कागदावर आहे की नुसतं तोंडी. आधी अंतर आणि मोटरची पाटी पाठवा, त्यावरून तारांची जाडी आणि व्हीएफडी लगेच काढून देतो.